जागा निघाली का?

गोव्यात प्राध्यापकी शोधणाऱ्या माणसाला इतरांची वये पाठ असतात. कोणत्या कॉलेजातले कोणते सर कधी निवृत्त होणार, कोणत्या मॅडमनी स्वेच्छानिवृत्तीचा विषय स्टाफरूममध्ये काढला, कोण दोन वर्षांची रजा घेऊन बाहेर जाणार, कोणाच्या यजमानांची बदली झाल्यामुळे त्याही जातील असे म्हणतात, ही माहिती त्याच्या जिभेवर असते. यात दुष्टपणा काही नाही. बारा तालुक्यांचे राज्य, त्यात एकेका विषयाच्या कायम जागा बोटांवर मोजाव्यात इतक्याच. माझा विषय वनस्पतिशास्त्र, तो तर सगळ्या कॉलेजांत असतोही नाही. मग उमेदवार वाट बघतो ती एका ठरावीक खुर्चीची. त्या खुर्चीतल्या माणसाला तो देवळातल्या जत्रेत भेटतो, लग्नामुंजीत त्याच्याच पंगतीला बसतो, तब्येत कशी आहे विचारतो. तब्येत उत्तम आहे असे कळले की त्याला आनंदही होतो. अगदी मनापासून होतो. फक्त घरी जाताना तो मनात पुन्हा एकदा बेरीज-वजाबाकी करतो.

मी आता एका अनुदानित कॉलेजात कायम आहे. म्हणजे माझ्याही वयाचा हिशेब कुठेतरी चालू असणार, आणि तो ठेवणाऱ्यांतले एकदोघे माझेच विद्यार्थी असणार.

एप्रिल सरत आला की त्यांचे निरोप यायला लागतात. 'मॅडम, जागा निघाली का?' प्रश्न इतकाच. निकाल काय लागला, पीएच.डी. कुठवर आली, हे नंतर. जागा 'निघते', पावसात शेत जसे एका सकाळी हिरवे निघते तशी. कोणी काढली, का काढली, गेल्या वर्षी का नव्हती, हे विचारायचे नसते. मग जूनमध्ये पाऊस आणि जाहिराती बरोबरच लागतात. वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर, निविदा आणि श्रद्धांजल्यांच्या मधोमध, एक चौकट असते. विषय, पदसंख्या एक, आणि समोर कंसात काय लिहिले आहे ते आधी वाचायचे. पूर्णवेळ, कंत्राटी, लीन व्हेकन्सी (म्हणजे मूळ माणूस परत येण्याचा हक्क राखून गेला, तेवढ्यापुरती जागा) की लेक्चर बेसिस, म्हणजे तासांवर. अनुभवी उमेदवार कॉलेजचे नावसुद्धा नंतर वाचतो.

आमच्या आधीच्या पिढीला शिकण्यासाठीच घर सोडावे लागले. गोवा मुक्त झाला तो १९ डिसेंबर १९६१ रोजी. पुढच्याच वर्षी पणजीला धेंपे आणि मडगावला चौगुले ही कॉलेजे सुरू झाली, तीही मुंबई विद्यापीठाला जोडलेली. तोवर ज्यांना ऐपत होती ती मुले बेळगाव, धारवाड, पुणे, मुंबई गाठत. पदव्युत्तर शिक्षणासाठी पणजीत मुंबई विद्यापीठाचेच केंद्र होते. त्यातून १९८५मध्ये गोवा विद्यापीठ उभे राहिले आणि ताळगावच्या पठारावर गेले. आम्ही शिकलो ते इथेच, घरचे जेवून, कदंबच्या बसने येऊन-जाऊन. आमचे बाहेर जाणे शिकून झाल्यावर आले. शिक्षण घरच्या अंगणात आणि नोकरी परगावी, असा उलटा क्रम आमच्या वाट्याला आला.

बाहेरच्यांना हे पटत नाही. ते म्हणतात, एवढ्याशा राज्यात तुमच्याकडे संस्था किती! खरेच आहेत. दोनापावलला राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे, तिची स्थापना १९६६ची. वास्कोच्या हेडलँड सड्यावर ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्र आहे, अंटार्क्टिकावरचे 'मैत्री' आणि 'भारती' हे तळ तिथूनच चालवले जातात. झुआरीनगरला बिट्स २००४मध्ये आले. राज्यात एनआयटी २०१०मध्ये आली, आयआयटी २०१६मध्ये. यातले बहुतेक सगळे आमच्या फोंड्याहून तासा-दीड तासाच्या अंतरात. पण तिथे उमेदवारी साऱ्या देशातून येते आणि तशीच यायला हवी. म्हणजे गोव्यातल्या मुलीपुढे दोन रांगा असतात. एका रांगेत सगळा भारत उभा, दुसऱ्या रांगेत तिची मावसबहीण. पहिलीत टिकायला लागते ती तयारी दुसऱ्या रांगेत उभे राहून होत नाही, आणि दुसरी रांग सोडून पहिलीत गेले की घरचे म्हणतात, इथली जागा हातची जाईल हां.

दुसऱ्या रांगेचे स्वतःचे कागद आहेत. सरकारी कॉलेजांच्या, म्हणजे साखळी, खांडोळा, केपे, पेडणे इथल्या जागा गोवा लोकसेवा आयोगामार्फत भरल्या जातात. त्यासाठी पंधरा वर्षांच्या रहिवासाचा दाखला हवा, तो मामलेदार कचेरीतून काढायचा. कोंकणीचे ज्ञान आवश्यक, मराठीचे ज्ञान इष्ट, ही ओळ गोव्यातल्या जाहिरातीत ठरलेलीच. आमच्यासारख्या घरांत कोंकणी बोलायची, मराठी वाचायची-लिहायची आणि पोर्शन इंग्रजीत शिकवायचा, त्यामुळे या अटीची धास्ती वाटत नाही. पण माझी एक हुशार मैत्रीण लग्न होऊन साताऱ्याहून आली, इथेच पीएच.डी. केली, आणि पंधरा वर्षे पुरी व्हायची वाट बघत राहिली. तेवढ्यात तिच्या विषयातली जागा भरली गेली. ती अट वाईट आहे असे मी म्हणत नाही. लहान राज्याने आपल्या मुलांसाठी काही राखून ठेवावे हे मला मान्य आहे. मात्र त्या मैत्रिणीच्या तोंडावर मला हे वाक्य कधी बोलता आलेले नाही.

पात्रतेच्या गोष्टीवर मात्र मला जरा थांबायचे आहे, कारण एका अख्ख्या पिढीची पायाखालची वाळू तिथे सरकत राहिली.

नेट ही प्राध्यापकीच्या पात्रतेची देशपातळीवरची परीक्षा १९८९पासून आहे. आपल्याकडे महाराष्ट्र आणि गोव्यासाठीची सेटही आहे, ती पुण्याचे सावित्रीबाई फुले विद्यापीठ घेत आले. मार्ग सरळ होता. पदव्युत्तर पदवी घ्या, नेट किंवा सेट काढा, अर्ज करा. मग २०१८च्या नियमावलीत विद्यापीठ अनुदान आयोगाने सांगितले की १ जुलै २०२१पासून विद्यापीठातल्या विभागांत सहायक प्राध्यापक व्हायला पीएच.डी. सक्तीची. ज्यांना पीएच.डी.ची ओढ नव्हती तेही धावले. मार्गदर्शकांकडे जागा नाहीत, तरी धावले. मग कोविड आला आणि ही सक्ती जुलै २०२३पर्यंत पुढे गेली. आणि ती मुदत येते न येते तोच आयोगाने नेट, सेट किंवा स्लेट (ही सेटसारखीच राज्यपातळीवरची परीक्षा) हीच किमान पात्रता असे जाहीर केले. दरम्यान एम.फिल. ही पदवीच बंद झाली. २०२२च्या नियमांत प्रबंध देण्याआधी शोधनिबंध छापण्याची सक्ती गेली. ज्या नियतकालिकांत छापले तर चालेल अशी 'केअर' यादी होती, ती फेब्रुवारी २०२५मध्ये आयोगाने मागे घेतली. या यादीतल्या मासिकात एकदा नाव यावे म्हणून ज्यांनी पदरचे पैसे मोजले त्यांना मी ओळखते.

हे बदल एकेकटे घेतले तर त्यांतले बरेच शहाणपणाचे आहेत. शिकवण्यासाठी पीएच.डी. असलीच पाहिजे असे मला कधी वाटले नाही. पण नियम बदलायला एक परिपत्रक पुरते आणि त्या नियमाप्रमाणे आयुष्य लावायला पाच-सहा वर्षे लागतात. परिपत्रक काढणाऱ्याचे ते वय उलटून गेलेले असते.

आणि जून २०२४. १८ तारखेला नेटची परीक्षा झाली, नऊ लाखांहून अधिक उमेदवारांनी दिली, आणि १९ला ती रद्द झाली. माझी सत्तरी तालुक्यातली एक विद्यार्थिनी त्या परीक्षेला बसली होती. परीक्षेच्या दिवशी पहाटे उठून, दोन बस बदलून केंद्रावर गेली. दुसऱ्या रात्री तिने मला फोन केला तेव्हा तिला राग आला नव्हता, याचेच मला आश्चर्य वाटले. 'मॅडम, पेपर बरा गेला होता,' एवढेच म्हणाली. फेरपरीक्षा ऑगस्टअखेर आणि सप्टेंबरच्या सुरुवातीला झाली. तोवर इकडच्या कॉलेजांचे पहिले सत्र अर्धे झाले होते आणि त्या वर्षीच्या जागा भरून गेल्या होत्या.

परीक्षा काढली की गुणतक्ता येतो. विद्यापीठातल्या सहायक प्राध्यापकाच्या पदासाठी मुलाखतीला कोणाला बोलवायचे हे ठरवण्याचा १०० गुणांचा तक्ता २०१८च्या नियमावलीत आहे. पदवीला ८० टक्के असतील तर १५ गुण. पदव्युत्तरला तितकेच असतील तर २५. पीएच.डी.चे ३०. जेआरएफसह, म्हणजे कनिष्ठ संशोधन शिष्यवृत्तीसह, नेट असेल तर ७, नुसती नेट ५, सेट ३. शोधनिबंधाला दोन-दोन करत जास्तीत जास्त १०. शिकवण्याच्या किंवा पीएच.डी.नंतरच्या संशोधनाच्या प्रत्येक वर्षाला दोन, तेही दहावर थांबतात. पुरस्काराचे तीन.

हा तक्ता मी उमेदवार म्हणून भरला आहे आणि दुसऱ्यांचा तपासलाही आहे. त्यात एकविसाव्या वर्षी, वडिलांच्या आजारपणात दिलेली बी.एस्सी.ची परीक्षा माणसाचा पिच्छा सोडत नाही. त्या पदवीला पंचावन्न ते साठच्या आत टक्के असतील तर १५ऐवजी १० मिळतात, आणि पुढे कितीही निबंध लिहा, ते पाच गुण भरून निघत नाहीत, कारण निबंधांची मोजणी दहाला संपते. शिकवण्याचीही तशीच. पाच वर्षे शिकवले काय आणि पंधरा वर्षे काय, तक्त्याला दोन्ही सारखेच. आणि गंमत म्हणजे नियमावलीच सांगते की हे गुण फक्त बोलावण्यापुरते. निवड करायची ती मुलाखतीवरच. म्हणजे वर्षानुवर्षे जमवलेले ते सगळे गुण दाराबाहेर चपलांबरोबर काढून ठेवायचे आणि आत जायचे.

ती मुलाखत कशी असते ते सांगते. एका कॉलेजात (नाव नको) आम्ही सकाळी साडेनऊपासून ग्रंथालयाबाहेरच्या बाकड्यावर बसलो होतो. प्रत्येकीच्या मांडीवर तीच निळी प्लास्टिकची फाइल. मूळ प्रमाणपत्रे एका बाजूला, स्वतःच सही करून साक्षांकित केलेल्या झेरॉक्स दुसऱ्या बाजूला, टाचण्या लावू नका असे लिहिलेले असूनही टाचण्या लावलेल्या. शेजारच्या मुलीने आपला प्रबंधच पिशवीतून आणला होता. काळ्या रेक्झिनची, सोनेरी अक्षरांची ती जाडजूड प्रत ती दर दहा मिनिटांनी या मांडीवरून त्या मांडीवर घेत होती. कोणी ती उघडून बघितली नाही. शिपाईमामांनी चहा आणून दिला तेव्हा हळूच विचारले, 'बाय, आतली माणसे कोण आहेत ते कळले मगो?' आम्हाला कळले होते. गोव्यात ते कळतेच. तज्ज्ञ म्हणून आलेले एक सर आमच्यातल्या तिघींचे शिक्षक होते.

आत मला एका रिकाम्या फळ्यासमोर उभे केले आणि प्रकाशसंश्लेषणावर सात मिनिटे बोलायला सांगितले. समोर वर्ग नव्हता, सहा मोठी माणसे होती, आणि त्यांतले एक तेवढ्यात समोसा संपवत होते. सात मिनिटांची चार झाली. मग प्रश्न आला, 'फोंड्याहून रोज येणार कशी?' मी म्हटले, स्कूटरने. 'पावसात?' तेव्हा मला वाटले की हे निवडणार असतील म्हणून विचारताहेत. तसे नव्हते. पण त्या निळ्या फाइलवाल्या बाकावरच्या आम्ही सगळ्याजणी पुढे कुठे ना कुठे भेटत राहिलो, आणि ज्या मुलीचा प्रबंध कोणी उघडला नव्हता ती आज माझ्यापेक्षा चांगली शिक्षिका आहे, हे मी खात्रीने सांगते.

आमच्या गोवेकरांना इथे एका बाप-लेकाची आठवण व्हावीच. बिट्स ज्या सांकवाळच्या हद्दीत उभे आहे त्याच सांकवाळचे धर्मानंद कोसंबी. रीतसर शालेय शिक्षण जेमतेम. घर सोडून पुणे, काशी, नेपाळ, श्रीलंका, ब्रह्मदेश असे फिरून पाली आणि बौद्ध विद्या मिळवली, आणि पुढे फर्ग्युसन कॉलेजात पाली शिकवले, हार्वर्डला जाऊन संशोधन केले. मधली काही वर्षे त्यांचा संसार चालला तो सयाजीराव गायकवाडांनी दिलेल्या महिना पन्नास रुपयांवर. मुलगा दामोदर, म्हणजे डी. डी. कोसंबी, हार्वर्डची पदवी घेऊन आले. त्यापुढची एकही पदवी त्यांच्याकडे नव्हती. बनारस, अलीगढ, फर्ग्युसन, मग टाटा मूलभूत संशोधन संस्था. गणितज्ञ माणूस इतिहासाच्या अभ्यासाला नवे वळण देऊन गेला. १९६२मध्ये टाटा संस्थेने त्यांच्या कराराचे नूतनीकरण केले नाही. आज गोवा विद्यापीठाच्या सामाजिक शास्त्रांच्या शाखेला त्यांचे नाव आहे. त्या शाखेत आज अर्ज केला असता तर वडील आणि मुलगा दोघेही छाननीतच बाद झाले असते.

हा दाखला देऊन लोक सहसा म्हणतात, बघा, नियमांनी प्रतिभा मारली. मला तसे म्हणायचे नाही. सयाजीरावांचे पन्नास रुपये ही एका जाणत्या माणसाने दुसऱ्या माणसाला ओळखल्याची गोष्ट आहे. पण प्रत्येक जमान्यात सयाजीराव मिळत नाहीत, आणि ओळखीवर चाललेल्या कारभारात बहुतेक वेळा पुतण्याला ओळखले जाते. सत्तरीतल्या त्या मुलीचे वडील काजूच्या बागायतीत राबतात. तिच्या घरात तिच्याआधी कोणी कॉलेजची पायरी चढलेले नाही. तिला दारापर्यंत आणणारा तो मूर्ख तक्ताच आहे. तो कोणाचा पुतण्या ओळखत नाही. म्हणून तक्ता फाडून टाका म्हणणाऱ्यांच्या मी बाजूची नाही. जानेवारी २०२५मध्ये आयोगाने नव्या नियमांचा जो मसुदा मांडला त्यात गुणांच्या हिशेबाऐवजी उमेदवाराचे 'उल्लेखनीय योगदान' बघावे असे होते. वाचायला छान वाटले. पण योगदान उल्लेखनीय आहे हे ठरवणार कोण, तर तेच टेबल, तोच समोसा.

माझी तक्रार वेगळी आहे, आणि ती तक्त्यात जे येतच नाही त्याबद्दल आहे.

गोव्यातली कॉलेजे लेक्चर बेसिसवर चालतात असे म्हटले तर प्राचार्यांना राग येईल, पण वेळापत्रक काढून बघा. कायम जागा निघेपर्यंत, आणि ती निघायला वरून मंजुरी यावी लागते, तासांवर माणूस घ्यायचा. मीही तशी होते. सकाळी एका कॉलेजात दोन तास, दुपारी दुसऱ्या तालुक्यातल्या कॉलेजात एक प्रात्यक्षिक. मधल्या वेळात बांदोड्याच्या वळणावर रेनकोट झटकून भाजी-पाव खायचा. महिनाअखेरीला बिल भरायचे. तारीख, वर्ग, विषय, तास किती, प्रात्यक्षिक किती. त्यावर विभागप्रमुखांची सही, मग अकाउंट्समधून टिपण, मग प्राचार्यांची सही. एखाद्या तासाला मुले युवा महोत्सवाच्या तालमीला गेली म्हणून वर्ग रिकामा असेल तर तो तास लिहायचा की नाही, यावर आमच्यात खल चालायचा. कायम शिक्षकांना हा प्रश्न आयुष्यात पडत नाही.

आणि सुट्टी. चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी, आली की सगळ्या गोव्याचा जीव सुपाएवढा होतो. गणपतीवर फळांची माटोळी बांधायची, नेवऱ्या करायच्या, मुंबईहून चुलते यायचे. लेक्चर बेसिसवरचा माणूस त्याच दिवसांत मनात हिशेब मांडतो, या महिन्यात तास किती बुडाले. नाताळची सुट्टी तशीच, परीक्षांचा महिना तसाच. मे महिना तर कोराच. माझ्या आईला हे शेवटपर्यंत कळले नाही. 'कॉलेजात शिकवतेस ना? मग पगार कसा नाही?' तिच्या लेखी कॉलेजात शिकवणारी म्हणजे पगारदार. शेजारच्या काकी विचारायच्या, 'जालें गो काम?' मी म्हणायची, 'जालें, काकी, पण तासांवर.' त्या मान हलवायच्या आणि तीच गोष्ट गावात 'पर्मनंट झाली' म्हणून पोचायची.

२०१९मध्ये आयोगाने अतिथी शिक्षकांसाठी तासाला १५०० आणि महिन्याला जास्तीत जास्त ५० हजार असा दर सांगितला. त्याच सुमारास कायम सहायक प्राध्यापकाचे सुरुवातीचे मूळ वेतन ५७,७००, त्यावर भत्ते वेगळे. पण मला पैशांपेक्षा जे जास्त लागले ते दुसरेच. पुढे बढतीसाठी मागची सेवा धरताना नियम विचारतो, त्या काळात तुमचे एकूण मानधन कायम शिक्षकाच्या पगाराहून कमी नव्हते ना? कमी होते. असणारच. म्हणून ती सेवा धरली जात नाही. त्याच वर्गात, त्याच फळ्यावर, त्याच अभ्यासक्रमाचे तास. मुलांच्या गुणपत्रिकांत त्या तासांचे गुण कायमचे लागले आहेत. शिकवणारीच्या सेवापुस्तकात मात्र ती वर्षे कोरी.

संशोधनाच्या बाजूला काय वेगळे आहे? तिथे निदान पैसे बरे आहेत. जेआरएफला जानेवारी २०२३पासून महिना ३७ हजार मिळतात. दोनापावलला किंवा सड्यावर प्रकल्पावर लागलेली माझी मुले बोटीवर जातात, खारफुटीत गुडघाभर चिखलात उभी राहून नमुने घेतात, आणि जुन्या वर्गमित्रांपेक्षा त्यांच्या चेहऱ्यावर तेज असते हे मी पाहिले आहे. पण प्रकल्पाला शेवटची तारीख असते. ती जवळ आली की तीच मुले विचारतात, 'मॅडम, कॉलेजात जागा निघाली का?'

बाहेरच्या देशांत अर्ज करणाऱ्यांना मी आताशा जास्त मदत करते. तिथली रीत वेगळी. आमचा बायोडेटा वडिलांच्या नावापासून सुरू होतो. मग जन्मतारीख, जात, वैवाहिक स्थिती, आणि शेवटी 'वरील माहिती खरी आहे' अशी शपथ. अमेरिकी विद्यापीठाला त्यांतले काहीच नको असते. त्यांना हवे असते एक पत्र, तुम्ही काय शोधत आहात त्याचे दोन-तीन पाने निवेदन, कसे शिकवता त्याचे एक पान, आणि तुम्हाला ओळखणाऱ्या तिघांची नावे. ते तिघे परस्पर, तुमच्या पाठीमागे, गुप्त पत्र लिहितात. इथेच आमची मुले अडतात. कारण आमच्याकडे शिफारसपत्र मागितले की सर म्हणतात, 'तूच लिहून आण, मी सही करतो.' मुलगी स्वतःबद्दल काय लिहिणार? 'मेहनती, प्रामाणिक आणि सुस्वभावी.' ही तीन विशेषणे तिच्या आजीच्या लग्नाच्या स्थळातही होती. मी आता प्रत्येकीचे पत्र स्वतः लिहिते. तिने कोणता प्रयोग बिघडल्यावर काय केले ते लिहिते. त्यात माझी एकेक संध्याकाळ जाते, पण ते माझे कामच आहे.

वेळही वेगळी. तिकडे पुढच्या ऑगस्टच्या जागेची जाहिरात आदल्या वर्षी पावसाळा संपतो तेव्हाच येते. जूनमध्ये जाहिरात, जूनमध्येच मुलाखत आणि जुलैत रुजू, या आमच्या सवयीला ते झेपत नाही. आणि तिकडे गेले म्हणजे सुटलो असेही नाही. जर्मनीत तर कायदाच आहे. पीएच.डी.च्या आधी सहा आणि नंतर सहा वर्षे मुदतीच्या करारावर संशोधक ठेवता येतो, पुढे कायम जागा मिळाली तर ठीक, नाहीतर बहुतेकांना वेगळी वाट धरावी लागते. २०२१मध्ये तिथल्या संशोधकांनी त्याविरुद्ध मोठा ओरडा केला. हे मी विद्यार्थ्यांना सांगते तेव्हा त्यांना बरे वाटते की वाईट, ते कळत नाही.

सत्तरीतल्या मुलीचे आता दोन अर्ज एकाच वेळी चालू आहेत. नेट निघाली, पीएच.डी.चा प्रबंध दिला. इथे एका कॉलेजात लीन व्हेकन्सी आहे, एका वर्षाची, कारण मूळ माणूस परत येणार की नाही हे त्यालाही ठाऊक नाही. तिकडे नॉर्वेत समुद्री शेवाळावर काम करणाऱ्या एका गटात दोन वर्षांची जागा आहे. वडिलांचे म्हणणे, वर्षाची का होईना, गावातली बरी. आई काही बोलत नाही, फक्त तिकडे किती थंडी असते ते विचारते. मला विचारले तेव्हा मी सांगितले की नॉर्वे घे. इथल्या एका वर्षाच्या शेवटी पुन्हा तोच जून असेल. आणि तिकडची दोन वर्षे तक्त्यात चार गुण देतील, हेही सांगितले, कारण वडिलांना समजावायला काहीतरी आकडा लागतो.

ती म्हणाली, दोन्हीकडे करते. मी म्हटले, कर.

कॉलेजचा अर्ज ऑनलाइन भरून झाला आहे. पण जाहिरातीत खाली बारीक टाइपात लिहिले आहे की छापील प्रत, सर्व जोडपत्रांसह, चार संचांत, कार्यालयात प्रत्यक्ष आणून द्यावी. मी तिला तीन गोष्टी सांगितल्या आहेत. प्रत्येक संचाच्या पहिल्या पानावर आवक शिक्का मारून घ्यायचा. ज्या कॉलेजात तासांवर शिकवले त्यांच्याकडून अनुभवाचा दाखला आताच घ्यायचा आणि त्यात नुसते 'शिकवले' असे नको, सत्रवार तास, प्रात्यक्षिके आणि दर लिहून घ्यायचे. ते द्यायला खळखळ करतील, तर बिलांच्या झेरॉक्स पुढे ठेवायच्या. तिने सगळी बिले जपून ठेवली आहेत. शनिवारी वाळपईहून पहिली बस साडेसहाची, म्हणजे दहाच्या आत ती पणजीला पोचेल. शनिवारी कार्यालय अर्धा दिवसच उघडे असते की नाही, ते तेवढे आज फोन करून विचारायचे राहिले आहे.